मागून येऊन राहिले

१

व्हीलचेअर मागायची अक्कल माझी नव्हे. मला दोन गुडघे आहेत आणि दोन्ही चालतात. महानगरपालिकेच्या शाळेत चौतीस वर्षं तिसरीचा वर्ग सांभाळला, तोही बहुतेक उभ्यानं. पण नागपुरात आता रीतच पडली आहे. लेकरं अमेरिकेत, आईबाप मराठी माध्यमाचे, विमान बदलायचं परक्या देशात. मग तिकिटाबरोबर व्हीलचेअर लिहून टाकायची. एकदा खुर्चीत बसलं की पुढचं सगळं ढकलणारा माणूस बघतो. कुठलं गेट, कुठला कागद, साहेबानं इंग्रजीत काय विचारलं, आपण फक्त मांडीवर पर्स धरून बसायचं. आमच्या मानेवाड्याच्या गल्लीतून तीन वर्षांत सात जोडपी गेली, सातही धडधाकट आणि सातही खुर्चीतून. परत आल्यावर हसून हसून सांगतात.

ट्रॅव्हलवाल्या रजतनं आमच्याही दोन व्हीलचेअरी लिहिल्या होत्या. एक माझी, एक आमच्या ह्यांची. नवऱ्याचं नाव घ्यायची मला सवय नाही, पण हे सगळं सांगायचं तर घ्यावं लागेल. गोपाळराव. कळमन्याला संत्र्याची अडत होती त्यांची. लिलावात एकदा आकडा बोलले की दुसरा कोणी तोंड उघडत नसे, आणि घरातही तसंच होतं.

मयुरा आमची एकुलती एक. शिकायला शिकागोला गेली आणि तिथंच अर्णव नावाच्या रायपूरच्या मुलाशी कोर्टात लग्न करून मोकळी झाली. इकडे ह्यांनी तिचं जमवून साखरपुड्याचा हॉलही सांगून ठेवला होता. त्यानंतर सहा वर्षं बापलेकीत शब्द नाही. तिचा फोन आला की हे उठून अंगणात जायचे. मग दिवाळीत कळलं की तिला दिवस गेले आहेत. मी भीत भीत सांगितलं. ह्यांनी अंगणात एक फेरी मारली. मग म्हणाले, "दोघांची तिकिटं काढाले सांग. बाळंतपण इथं होईन. मी जाऊन तिले घेऊन येतो."

"अवो, नवव्या महिन्यात विमानात कोण बसू देते?"

"मी न्यायले गेलो आन् ती आली नाही, असं होईन का?"

मी रजतला तिकिटं काढायला सांगितलं. एक्केचाळीस वर्षांत तेवढं शिकले होते.

तिकिटं एप्रिलची होती. जानेवारीत ह्यांना झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. महिनाभर त्यांचं सगळं अंथरुणातच मी केलं. आंघोळ, दाढी, दर रविवारी नखं. बोलता येत नव्हतं तरी डाव्या हातानं खुणा करून पासपोर्ट उशाखाली ठेवायला लावला. फेब्रुवारीत गेले. मयुराला डॉक्टरांनी पलंगावरून उतरायचीसुद्धा मनाई केली होती. तिनं सगळं फोनवर पाहिलं, अगदी घाटापर्यंत.

रजतनं ह्यांचं तिकीट रद्द केलं आणि माझं ठेवलं. जाणं भागच होतं. अर्णवची आई केव्हाच वारली, पोरीजवळ दुसरं बाईमाणूस नाही. आणि खरं सांगते, मला जायचं होतं. लेकीच्या घरी, कोणाला न विचारता, तिच्या ओट्यापाशी उभं राहून मनासारखा चहा करून प्यायचा होता.

निघताना नणंदबाईंनी, सिंधूताईंनी, हातावर दही ठेवलं आणि बोट उगारलं.

"ध्यानात ठेव वं पुष्पा. तू पोटुशीच्या घरी चालली. उंबरा ओलांडला का तिच्या दारापर्यंत तोंडातून मेल्यागेल्याची गोष्ट काढू नको. कोणी इचारलं तरी नाही."

तिसरीच्या पोरांना मी विज्ञान शिकवलं आहे. तरी हो म्हटलं.

२

पुतण्या मोहितनं विमानतळावर सोडलं. उजाडायचं होतं. दोन रात्री बॅगा भरण्यात गेल्या होत्या. तेवीस किलोच्या वर गेलं की डिंकाचे लाडू काढा, खाली आलं की मेथी घाला. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होत होतं.

काउंटरवरच्या मुलीनं माझा पासपोर्ट उघडला, पडद्यावर बघितलं आणि वॉकीटॉकीवर म्हणाली, "दो व्हीलचेअर."

दोन खुर्च्या आल्या, दोन माणसं आली. माझ्या खुर्चीमागच्या माणसाच्या छातीवर 'कवडू' अशी पाटी होती.

"आंटी, अंकल कुठे आहेत?" मुलीनं विचारलं.

उत्तर तोंडाशी आलं होतं. मागे रांग खोळंबली होती, एक लेकरू किंचाळत होतं, आणि सिंधूताईंचं ते बोट माझ्या डोळ्यांपुढे होतं. मी म्हटलं, "मागून येऊन राहिले."

आता वाटतं, दहा उत्तरं होती. येत नाहीत म्हणायचं. तिकीट रद्द झालं म्हणायचं. ऐकू आलं नाही असं दाखवायचं. सगळी नंतर सुचली. तेव्हा डोक्यात फक्त एवढंच होतं की अभद्र बोलायचं नाही, आणि जे बोलले ते त्याहून वाईट निघालं.

मुलीनं मान हलवली आणि कागदावर खूण केली.

कवडू रामटेककडचा निघाला. ढकलता ढकलता घरच्या धानाची गोष्ट सांगत होता. दुसरा माणूस रिकामी खुर्ची घेऊन मागे मागे.

"अरे बापा, ते कायले आणता? कोणी बसणार नाही त्यात."

"लिस्टमंधी हाये ना माय. साहेब आले का बसतीन."

सिक्युरिटीची मोठी फरशी ओलांडताना ती रिकामी खुर्ची खडखडत होती. पाय ठेवायची पाती एकमेकींवर आपटत होती. कानाला त्रास होत होता, मी मनात चरफडत होते. मग विमानाकडे जाणारा तो उताराचा बोगदा लागला आणि खडखड थांबली. थांबली म्हणून मी मान वळवून पाहिलं. मागचा माणूस मागे रेलला होता. दोन्ही हातांनी खुर्ची मागे ओढून धरत, टाचा टेकत, एक एक पाऊल टाकत उतरत होता. कवडू मलाही तसाच उतरवत होता.

ब्रेक घट्ट असेल, मी म्हटलं. सरकारी रस्त्यापासून विमानतळापर्यंत आपल्याकडे कोणती वस्तू धड चालते?

३

विमान गच्च भरलं होतं. फक्त माझ्या शेजारची खिडकीची जागा रिकामी होती. मी पाय सैल सोडले, म्हटलं, चला, तेवढंच सुख.

त्या जागेचा पट्टा लावलेला होता. रिकाम्या जागांचे पट्टे ते लोक लावूनच ठेवतात, सात जोडप्यांपैकी कोणीतरी सांगितल्याचं आठवलं. पण पट्टा सीटवर सपाट पडला नव्हता. मध्ये जागा ठेवून वर उचललेला होता, पोटावरून गेल्यासारखा. मी हातानं दाबून बघणार होते. हात पुढे केला आणि मागे घेतला. का ते विचारू नका. शेजारच्या बाईच्या ताटात हात घालताना जसा संकोच वाटतो, तसा वाटला.

हवाई सुंदरीनं माझ्यापुढे खाणं ठेवलं, वाकून पलीकडे बघितलं आणि आवाज एकदम बारीक केला.

"सर सो रहे हैं? बाद में दे दूँगी."

"यहाँ कोई नहीं है," मी म्हटलं.

ती हसली. दमलेल्या म्हाताऱ्यांना बघून हसतात तसं. आणि पुढे गेली.

बीपीची गोळी घेतली का, ते मी आठवायला लागले. दोन रात्रींची झोप नाही, पोटात दह्याशिवाय काही नाही, कान दडपलेले. अशा वेळी माणसाला काहीही वाटतं. मी शाल तोंडावर ओढली आणि डोळे मिटून घेतले. इंजिनाचा एकसुरी आवाज चालू होता. त्यात, अगदी जवळ, कोणीतरी तोंडानं श्वास घेत होतं. ओठाच्या एका बाजूनं हवा सुटत होती. माझाच श्वास असेल म्हणून मी तो धरून बघितला. धरवेल तेवढा धरला. मग सोडला आणि पुन्हा धरून बघितला नाही.

४

आखातातल्या त्या विमानतळावर उतरलो तेव्हा अंग आंबून गेलं होतं. पाय सुजून चपलेत मावत नव्हते. पुढच्या विमानाला चार तास होते, आणि त्यानंतर आणखी पंधरा तास. नुसत्या विचारानं रडू येत होतं. दारातच दोन खुर्च्या उभ्या होत्या. मी आपल्या खुर्चीत जाऊन बसले. खरं सांगायचं तर बोलायचं त्राणच नव्हतं. कुठल्या भाषेत आणि काय सांगू?

व्हीलचेअरवाल्यांसाठी तिथं वेगळी जागा होती. काचेच्या भिंती, थंडगार हवा आणि रांगेनं मांडलेले आपले आईबाप. पंजाबी, गुजराती, तेलुगू, आणि सगळ्यांच्या मांडीवर पर्स किंवा थैली. मला रांगेच्या टोकाला लावलं. माझ्या उजव्या हाताला दुसरी खुर्ची लावली. लावणाऱ्यानं तिची चाकं अडकवली, पाती खाली केली आणि वाकून काहीतरी ऐकल्यासारखी मान हलवली. मग खुर्ची थोडी वळवली, एसीचा झोत चुकवून.

मी उजवीकडे बघितलं नाही. मान डावीकडेच ठेवली.

डावीकडे रंभाबाई होत्या. बुटीबोरीच्या, लेक डॅलसला. नागपूरचं माणूस भेटल्यावर बाईंना कोण आनंद! नव्वारीवर स्वेटर, पायात बूट, डोळ्यांवर जाड काचा. मोतीबिंदूचं ऑपरेशन राहिलं आहे, आल्यावर करणार म्हणाल्या. मला बरं वाटलं. त्यांच्या बडबडीत बाकी काही ऐकू येत नव्हतं. अर्ध्या तासानं मी बाथरूमला जाऊन आले, चालत. तोंडावर पाणी मारलं, आरशात बघितलं, "पुष्पलता, झोप कमी आहे, दुसरं काही नाही," असं स्वतःला मोठ्यानं सांगितलं आणि परत येऊन बसले.

"तुमचे मालक लय कमी बोलतात वो," रंभाबाई म्हणाल्या.

"कोणाचे?"

"तुमचेच ना. तुम्ही उठून गेल्या तवा बोलले थोडंसं. तोंड जरा वाकडं होते त्यायचं, समजाले टाईम लागला." त्या माझ्याकडे झुकल्या. "पोरीले आणाले चालले म्हणे."

मी म्हटलं, "आणखी काय म्हणाले?"

"म्हणे, परतीले दोनच खुर्च्या लागतीन. एक माही, एक पोरीची. लेकरू तिच्या मांडीवर. मी म्हटलं, तरण्या पोरीले खुर्ची कायले हो? तर म्हणे, तिले आता चालणं होणार नाही." रंभाबाई हसल्या. "पहिलटकरणीचे लयच लाड करून राहिले बापा तुमचे मालक. आन् तुमच्या खुर्चीचं म्हटलं, तर काही बोललेच नाही."

बाईंना मोतीबिंदू आहे. बाईंना बोलायची हौस आहे. पलीकडच्या रांगेतल्या कोणा म्हाताऱ्याशी बोलल्या असतील. एवढं सगळं माझ्या मनात व्यवस्थित येऊन गेलं. पण पोरीचं, बाळाचं, न्यायला जायचं, यातलं एक अक्षरही मी त्यांना सांगितलं नव्हतं. मी त्यांना भाव सांगितला होता मेथीचा.

तेव्हा मी उजवीकडे बघितलं. मान नाही वळवली, नुसते डोळे नेले. खुर्चीत, मांडीवर एक हात होता. उजवा, निर्जीव, बोटं आत वळलेली. तेवढाच बघितला. नखं वाढली होती. फेब्रुवारीपासून कोणी कापली नव्हती.

५

मी उठले. पर्स घेतली आणि चालू लागले. रंभाबाई मागून "अवो ताई, कुठं चालल्या?" म्हणत राहिल्या. काचेच्या दारातून बाहेर, सरकत्या पट्ट्यावरून, अत्तरांच्या आणि सोन्याच्या दुकानांमधून, सुजलेले पाय ओढत चालत गेले. खुर्चीत बसून आलेली बाई तुरुतुरु चालते म्हणून दोन माणसांनी वळून बघितलं. बघू देत. बायकांच्या बाथरूमच्या शेवटच्या खोलीत शिरले आणि कडी लावली.

मग नीट विचार केला. शिक्षिकेसारखा, फळ्यावर मांडून. हा माणूस पोरीला न्यायला निघाला आहे. जिवंत असता तर तिला नागपूरला नेलं असतं. आता कुठे नेईल, ते मला स्वतःशीसुद्धा उच्चारवेना. मी गेले तर माझ्याबरोबर तो तिच्या दारापर्यंत जाणार. मग मीच गेले नाही तर? एक्केचाळीस वर्षं ह्या माणसानं माझ्याशिवाय पाण्याचा पेला भरून घेतला नाही. बनियान कुठे आहे ते माहीत नाही. बँकेत जायचं तर मी, दवाखान्यात मी, रेल्वेच्या तिकिटाच्या रांगेत मी. मी नसले तर हा उंबऱ्याबाहेर कसा पडेल? खुर्ची माझ्यामागून येते. मी थांबले की ती थांबेल.

हे मला इतकं पक्कं वाटलं की मी फोन लावला.

मयुरा जागीच होती. तिकडे मध्यरात्र उलटली होती, पण तिला कूस बदलता येत नव्हती, झोप कुठून लागणार? "आई, कुठं पोचली? बसली का दुसऱ्या विमानात?"

"मयुरा, मी परत चालले. बीपी वाढलं बाई. डॉक्टर म्हणतात प्रवास नको."

"कोणते डॉक्टर?"

"इथलेच."

"आई, खोटं बोलून राहिली तू." तिचा आवाज फाटला. "बाबा सहा वर्षं नाही बोलले, ते मी सहन केलं. पण तू? माझे पाय सुजले, मला उठता येत नाही, अर्णव ऑफिस सोडून स्वयंपाक करतो. मी दिवस मोजून राहिली होती. काहून असं करते?"

सांगता आलं असतं. पण पोटुशीला, त्या अवस्थेत, काय सांगू? तुझा बाप माझ्या शेजारच्या खुर्चीत आहे म्हणू? मी नुसतं, "पुढच्या महिन्यात येते, माझी राणी," म्हटलं. तिनं फोन ठेवला. मी त्या कमोडच्या झाकणावर बसून पदराचा बोळा तोंडात कोंबून रडले. आयुष्यात एकच गोष्ट मला स्वतःसाठी हवी होती, आणि ती मी माझ्या हातानं मोडली.

बाहेर लाउडस्पीकरवर माझं नाव दोनदा पुकारलं, वेडंवाकडं, परक्या तोंडातून. मी कडी काढली नाही.

६

विमान गेल्यावर बाहेर आले. रजतला फोन करून त्याच्याकडून संध्याकाळचं नागपूरचं तिकीट करून घेतलं. बिचाऱ्यानं एक प्रश्न विचारला नाही. मदतीच्या काउंटरवर एक केरळी माणूस होता. त्याला मोडक्या हिंदीत विचारलं, "मेरे नाम पर कितना व्हीलचेअर है?"

त्यानं बघितलं. "एक, माताजी. ओन्ली वन."

"दूसरा?"

"दूसरा नहीं है."

मी त्याला हात जोडले. तो गोंधळला.

काचेच्या त्या जागेतही मुद्दाम जाऊन आले. रंभाबाई गेल्या होत्या. रांगेच्या टोकाला माझी खुर्ची तशीच होती. तिच्या उजवीकडे रिकामी फरशी. मी तिथं उभी राहिले, पाय आपटून बघितला. काही नाही. मग मिळाली ती इडली खाल्ली आणि सात तास एका बाकावर पेंगत काढले. संध्याकाळच्या विमानात माझ्या शेजारी भंडाऱ्याचा एक जाडा गृहस्थ होता, अख्खा वेळ घोरत होता. इतका गोड आवाज मी कधी ऐकला नव्हता.

नागपूरला उतरल्यावर खुर्ची घेऊन कोणी आलं, त्याला नको म्हटलं. चालत बाहेर आले. मोहित जांभया देत उभा होता. "काकू, काय झालं वो?" म्हणाला. मी म्हटलं, "घरी चल बापा." सिंधूताई जाग्याच होत्या. त्यांनी माझं तोंड बघितलं आणि बंबात पाणी ठेवलं. अंगावर गरम पाणी घेतलं आणि ओल्या केसांनीच पलंगावर पडले. पोरगी रुसली असेल. रुसू दे. जीव राहिला तर रुसवा निघतो.

७

उठले तेव्हा खिडकीतून ऊन आलं होतं. गल्लीत कोथिंबीर-पालकवाला ओरडत होता, "सांभार घ्या, पालक घ्या." सिंधूताईंनी चहा आणून ठेवला होता. फोनवर मयुराचे नऊ मिस्ड कॉल होते. कळा सुरू झाल्या का? मी लगेच लावला.

"आई! किती वेळची फोन करून राहिली मी." आवाज ठीक होता. जरा चिडका, जरा हसरा. माझा जीव भांड्यात पडला. "तू घरी पोचली ना? बरं, ऐक तर इकडची गंमत. संध्याकाळी एअरपोर्टवरून अर्णवला फोन. म्हणे तुमचे पॅसेंजर आलेत, व्हीलचेअरवर बसून आहेत, घ्यायला या. अर्णव म्हणाला, अहो, सासूबाई परत गेल्या. तर तो माणूस म्हणतो, मॅडम नाही, सर आहेत."

मी चहाचा कप खाली ठेवला. ठेवताना सांडला.

"बाबांचं नाव लिस्टमध्ये राहिलं असेल गं," ती म्हणाली. "मी म्हटलं, दुसऱ्याच कोणाचे आजोबा असतील बिचारे, भाषा येत नसेल, तू जाऊन बघ तरी. गेला आहे तो."

"त्याले फोन कर. आत्ता कर. म्हणावं, तसाच परत ये."

"उचलत नाही ना. गाडी चालवत असेल."

"मयुरा, तू कुठं आहेस?"

"पलंगावर, आणखी कुठे? उठायची सोय आहे का मला?"

"ऐक. अर्णव आला तरी तू दाराशी जायचं नाही. तो काहीही बोलो. खोलीची कडी लाव."

"आई, काय झालं तुला?"

आता कशाचं भद्र आणि कशाचं अभद्र! मी ओरडले, "तुझे बाबा मेले मयुरा! मेले! मी माझ्या डोळ्यांनी जळताना पाहिले, तूही पाहिले! जो कोणी आला असेल त्याच्याशी बोलू नको!" स्वयंपाकघरातून सिंधूताई धावत आल्या आणि तोंडावर हात ठेवून दारातच उभ्या राहिल्या.

तिकडे गाडीचं दार लागलं. एकदा. थोड्या वेळानं दुसऱ्यांदा.

"अर्णव आला वाटतं," मयुरा हळूच म्हणाली.

"कडी लाव."

कुलपात किल्ली फिरली. अर्णवचा आवाज आला, दुरून, दमलेला आणि फार अदबीचा. त्यानं माझ्या नवऱ्याला जन्मात पाहिलं नव्हतं. "मयुरा, पापाजी आए हैं. बाहर बैठे हैं, सीढ़ी नहीं चढ़ पा रहे. कह रहे हैं, तुम ही आ जाओ."

"मयुरा, नाही," मी म्हटलं. "माझं ऐक. मयुरा."

मग कोणीतरी काहीतरी बोललं. फोनमधून शब्द कळले नाहीत. ओठाच्या एका बाजूनं सुटलेली हवा, तेवढंच. मयुराचा श्वास मला ऐकू येत होता, तो थांबला. फोन कशावर तरी ठेवल्याचा आवाज झाला. पलंग करकरला. दोन महिन्यांत जमिनीला न लागलेले पाय जमिनीवर आले, एक, मग दुसरा. मी तिचं नाव घेऊन किंचाळत होते. सिंधूताई माझा दंड धरून विचारत होत्या, काय झालं वं, काय झालं.

फोनपासून लांब, दाराकडे जाता जाता, माझी चौतीस वर्षांची पोर शाळेतल्या मुलीच्या आवाजात म्हणाली, "आले, बाबा."